माटवीही हवी, आजीही हवी: रोजच्या वापराची झूम लेन्स निवडताना

श्रावण संपत आला की मला फोन येऊ लागतात. चवथीला मुंबईहून येणारा एखादा चाकरमानी यंदा कॅमेरा घेऊन येणार असतो, किंवा घरात आहे त्याच कॅमेऱ्याला 'जरा बरी' लेन्स घ्यायची असते. दुकानदाराने समोर खोकी मांडलेली असतात: १८-५५, १८-१४०, १८-३००, १७-७०, २४-१०५. त्यांच्या शेजारी एफ २.८, एफ ४, एफ ३.५-५.६ असे आणखी आकडे. किंमत काही हजारांपासून लाखाच्या पुढे. एवढे पैसे घालायचे आणि आकड्यांचा अर्थच लागत नाही, तेव्हा माणूस एकतर सगळ्यात मोठा आकडा घेतो नाहीतर सगळ्यात महाग डबा.

गेल्या चवथीला माझा पुतण्या मित्राकडून मागून एक २४-७० घेऊन आला. लग्नाचे फोटो काढणारे वापरतात ती, वजनदार, एफ २.८ वाली. आमचं माजघर बारा बाय दहाचं. गणपती चौरंगावर, वर माटवीला, म्हणजे छताला टांगलेल्या लाकडी चौकटीला, शहाळी, सुपारीचं शिपटं, कवंडळं, तेरडा, आंब्याचे टाळ बांधलेले, आणि चौरंगाच्या बाजूला पाटावर आजी. पुतण्या समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभा. मागे सरकायला जागाच नाही. शेवटी म्हणाला, "काका, माटवी घेतलंय तर आजी गावना नाय."

मग त्याने कॅमेऱ्याबरोबर फुकटात आलेली १८-५५ लावली आणि दोघी एका फोटोत आल्या. असं का झालं हे समजलं तर लेन्स निवडण्याचं निम्मं काम होतं.

खिडकी आणि खळं

१८, २४, ७० हे आकडे मिलिमीटरचे. त्याला फोकल लेंग्थ म्हणतात. खिडकीला नाक लावून उभे राहिलात तर अख्खं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, दिसतं: तुळस, विहीर, पलीकडची माडाची रांग. तीच खिडकी सहा पावलं मागून पाहिली तर फक्त तुळस दिसते. खिडकी तेवढीच, खळंही तेवढंच, तुम्ही मागे आलात. फोकल लेंग्थ म्हणजे खिडकीपासूनचं ते अंतर. आकडा लहान तर दृश्य रुंद, आकडा मोठा तर दृश्याचा लहानसा तुकडा, पण मोठा होऊन.

कॅमेऱ्यात ही खिडकी म्हणजे सेन्सर, फोटो उमटतो ती चौकट. बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांत ती साधारण २३.५ मिलिमीटर रुंद असते. त्यावरून हिशेब सोपा आहे: तुम्ही वस्तूपासून जितके फूट लांब, त्याला २३.५ ने गुणा आणि लेन्सच्या आकड्याने भागा. तेवढे फूट रुंद दृश्य फोटोत येतं. उंची त्याच्या दोन तृतीयांश.

आता माजघरात जाऊ. भिंतीपासून चौरंग आठ फुटांवर. २४ वर रुंदी येते पावणेआठ फूट आणि उंची फक्त सव्वापाच. माटवी जमिनीपासून साडेसहा-सात फुटांवर, आजी पाटावर बसलेली. सव्वापाच फुटांत दोघी बसणारच नाहीत. कॅमेरा उभा धरला तर माटवी येते, पण बाजूच्या काकी आणि पोरं कापली जातात. १८ वर रुंदी साडेदहा फूट, उंची सात. म्हणून साध्या लेन्सने काम झालं.

१८ आणि २४ मध्ये फरक फक्त सहाचा, पण आमच्या घरांत या सहा मिलिमीटरना फार किंमत आहे. माजघर, पडवी, देवळाचा गाभारा, होडीचा नाळ (पुढचं टोक), मांडवाखालची पंगत: कोकणात मागे सरकायला जागा क्वचितच असते.

मग लग्नवाले २४-७० का वापरतात?

कारण त्यांच्या कॅमेऱ्याची खिडकी मोठी असते. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद. तोच हिशेब करा: आठ फुटांवरून २४ ची लेन्स तिथे बारा फूट रुंद आणि आठ फूट उंच दृश्य घेते. पुतण्याच्या मित्राच्या कॅमेऱ्यावर माटवी, आजी, काकी, सगळे आले असते. लहान सेन्सरवर तीच लेन्स ३६-१०५ सारखी वागते, म्हणजे रुंद बाजूच हरवते.

या दोन सेन्सरमधला फरक दीडपट. कॅननच्या लहान सेन्सरमध्ये १.६ पट. त्यामुळे कोणी 'रोजच्या वापराला २४-१०५ उत्तम' म्हटलं की आधी विचारा, तुमचा कॅमेरा कुठला? त्यांचा सल्ला खरा असतो, पण त्यांच्या सेन्सरसाठी. लहान सेन्सरवर त्याच कामाची लेन्स १६ किंवा १८ पासून सुरू व्हायला हवी. मला याबाबत तडजोड मान्य नाही. कोकणातल्या घरात वापरायच्या लेन्सची सुरुवात आधी पाहा, शेवट नंतर.

तुमचेच जुने फोटो काय सांगतात

दुकानात जाण्याआधी एक काम करा. मागच्या वर्षभराचे फोटो संगणकावर उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ लिहिलेली असते. दोनशे-तीनशे फोटो भराभर पाहा आणि वहीत रेघा ओढा: १८ च्या टोकाला किती, मधे किती, ५५ च्या टोकाला किती. आकडे कुठल्या टोकाला आदळतात ते दिसेल.

मी माझे पाहिले तेव्हा मला वाटत होतं की मी लांबचे फोटो खूप काढतो. निघाले भलतेच. निम्म्याहून जास्त १८ ते २४ मध्ये, त्यानंतर मोठा गठ्ठा ४० ते ५५ च्या आसपास, तो माणसांच्या चेहऱ्यांचा. १०० च्या पुढे मी गेलो होतो ते जवळजवळ सगळे समुद्रावर: होडी, बगळे, सिंधुदुर्गाचा तट. आणि त्यातले फारच थोडे फोटो मी पुन्हा उघडून पाहिले होते.

ज्याच्याकडे अजून कॅमेराच नाही त्याने कोणाचा तरी एक दिवस मागून घ्यावा. झूमच्या कड्यावर २४ पाशी चिकटपट्टी लावावी, कडं हलू नये अशी. मग हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या मासळी लिलावात किंवा आपल्या गावच्या बाजारात तासभर फिरावं. कुठे रुंद हवं होतं आणि कुठे जवळ हवं होतं हे शरीराला कळतं. वाचून तेवढं कळत नाही.

एफचा आकडा: नारळ किती जणांत वाटला?

दुसरा आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या आतलं उजेडाचं भोक किती मोठं उघडतं त्याचा. घोळ असा होतो की आकडा लहान तर भोक मोठं. कारण तो भागाकार आहे. एक नारळ तिघांत वाटला तर वाट्याला मोठा तुकडा, सहांत वाटला तर छोटा. एफ २.८ म्हणजे फोकल लेंग्थला २.८ ने भागलं. ५० मिलिमीटरला भोक साधारण १८ मिलिमीटरचं. एफ ५.६ ला तेच ९ मिलिमीटरचं. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून उजेडही पाव.

खोक्यावर एफ ३.५-५.६ असं दोन आकड्यांत लिहिलेलं असतं त्याचा अर्थ: १८ वर ३.५, शेवटच्या टोकाला ५.६. ग्राहक पहिला आकडा वाचतो आणि खूश होतो. पण झूम करत ५० च्या आसपास येईपर्यंत अशा लेन्स पाचच्या घरात पोचलेल्या असतात. चेहरे टिपायची जागा नेमकी हीच.

याची किंमत कुठे मोजावी लागते? जत्रेतल्या दशावतारात. रात्रीचे दोन वाजलेत, सभामंडपात दोन-चार दिवे, राजा आणि राक्षसाचं युद्ध रंगात आलंय. एफ ५.६ वर सेकंदाचा साठावा भाग शटर उघडं ठेवलं आणि आयएसओ ३२०० केला, तर उजेड पुरतो. आयएसओ म्हणजे मिळालेला उजेड कॅमेऱ्याने किती वाढवून घ्यायचा तो आकडा, वाढवला की फोटोत दाणे येतात. पण तलवार फिरतेय, साठाव्या भागात ती पुसट होणार. तिला थांबवायला अडीचशेवा भाग हवा. म्हणजे उजेड चौथाई झाला आणि आयएसओ १२८०० वर गेला. चेहऱ्यावरचा रंग, डोळ्यांतलं काजळ, सगळं रवाळ. तिथेच एफ २.८ वाली लेन्स असती तर आयएसओ पुन्हा ३२०० वर आला असता. रत्नागिरीकडे शिमग्यात पालखी नाचवतात तिथेही अगदी हाच हिशेब.

दुपारच्या उन्हात मात्र हा फरक शून्य. किनाऱ्यावर उजेड एवढा असतो की एफ ८ लाही भरपूर. म्हणून तुम्ही फोटो कुठल्या वेळी काढता हा प्रश्न फार मोलाचा आहे. जो फक्त दिवसा फिरतो त्याने एफ २.८ साठी जास्तीचे पैसे घालू नयेत.

'पण माझ्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे'

असेल. कॅनन त्याला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, सोनी ओएसएस, टॅमरॉन व्हीसी. हाताची थरथर शोषून घेते ती सोय. गाभाऱ्यातली मूर्ती, समईच्या उजेडातलं देवघर, संध्याकाळचा किल्ला, अशा न हलणाऱ्या गोष्टींना ती फार उपयोगी. पण समोरचा माणूस हलत असेल तर ती काही करू शकत नाही. तुमचा हात स्थिर झाला, राक्षसाची तलवार नाही. आरतीत टाळ्या वाजवणारी पोरं टिपायची असतील तर भोकच मोठं लागतं.

'१८-३०० घेतली की प्रश्नच मिटला ना?'

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि मोह मी समजू शकतो. खाऱ्या वाऱ्यात, वाळूत लेन्स बदलायची नाही ही खरोखरच मोठी सोय आहे. पण एका भिंगात माजघरही आणि क्षितिजही बसवायचं म्हणजे बनवणाऱ्याला कुठेतरी द्यावं लागतं. लेन्स जड होते, लांब टोकाला एफ ६.३ वर येते, आणि त्या टोकाला कडांची धार कमी पडते.

तारकर्लीच्या समुद्रात डॉल्फिन दिसतात, त्यासाठी ३०० हवी असं लोक म्हणतात. हिशेब करू. होडीपासून शंभर मीटरवर डॉल्फिन आहे. १३५ वर फोटोत साधारण साडेसतरा मीटर रुंद पाणी येईल, ३०० वर पावणेआठ मीटर. पाण्याबाहेर दिसते ती एखाद मीटरची पाठ. म्हणजे ३०० वरसुद्धा ती फोटोच्या आठव्या भागाएवढी, आणि होडी हलतेय. डॉल्फिन हेच तुमचं वेड असेल तर वेगळी लांब लेन्स घ्या. वर्षातून एकदा दिसणाऱ्या पाठीसाठी रोजची लेन्स बिघडवू नका.

उलट टोकाचंही एक सांगतो. राजापूरजवळ कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, कातळात कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब. तिथे लोक 'रुंद लेन्स असती तर' म्हणून हळहळतात. उभं राहून जमिनीवरचं चित्र पाहिलं की ते चपटंच दिसणार, मग लेन्स कुठलीही असो. तिथे लागते ती उंची. रोजच्या लेन्सने तिथे कोरीव रेघा जवळून घ्याव्यात, सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरकं असताना. मग खाचेत सावली पडते आणि रेघ उठून दिसते.

'५० एमएम एफ १.८ स्वस्त आहे, झूम कशाला?'

चेहऱ्यांसाठी ती सुरेख आहे. पण लहान सेन्सरवर आठ फुटांवरून ती पावणेचार फूट रुंद दृश्य घेते. आजी येईल, गणपती नाही. याच जातीतली ३५ मात्र साडेपाच फूट घेते, आणि ती मी मनापासून सुचवतो: हातात पैसे कमी असतील तर कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ठेवा आणि जोडीला एक ३५ एफ १.८ घ्या. दिवसा झूम, रात्री ३५.

मोबाइलचं म्हणाल, तर मोबाइल उत्तम आहे आणि खिशात असतो. कॅमेरा तेव्हाच घ्या जेव्हा कमी उजेडातली हालचाल, किंवा भिंतीवर लावायचा मोठा फोटो, तुम्हाला हवा असेल.

मग घ्यायची कुठली?

लहान सेन्सरवाल्यांसाठी सांगतो. तुमच्या वहीत रात्रीचे, घरातले, सणाचे फोटो जास्त निघाले तर १६-१७-१८ पासून ५०-७० पर्यंतची, सगळीकडे एफ २.८ असलेली लेन्स. सिग्माची १८-५० जेमतेम तीनशे ग्रॅमची आहे, दिवसभर गळ्यात जड होत नाही, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. टॅमरॉनच्या १७-७० मध्ये ते आहे, वजन मात्र अर्ध्या किलोच्या वर. जुन्या डीएसएलआरसाठी, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठी, सिग्माची १७-५० वापरलेली मिळते.

वहीत किनारा, किल्ले, भटकंती, दिवसाचा उजेड जास्त निघाला तर १८-१३५, १८-१४०, १८-१५० या जातीतली. सोनी, निकॉन, कॅनन, तिघांकडेही आहे. तीनशेपेक्षा ही मधली लेन्स मला कितीतरी शहाणी वाटते. फुल फ्रेम असेल तर २४-१०५ किंवा २४-१२०, एफ ४ वाली. मोठा सेन्सर उजेड जास्त गोळा करतो, त्यामुळे तिथे ४ ने फारसं अडत नाही.

आणि माउंट पाहा. माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला अडकते ती कडी. एकाची कडी दुसऱ्याला बसत नाही. एकाच कंपनीच्या जुन्या डीएसएलआरची आणि नव्या मिररलेसचीही (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची) वेगळी असते. जुनी लेन्स नव्यावर अडॅप्टरने चालते, नवी लेन्स जुन्यावर नाही. दुकानात कॅमेरा बरोबर न्या आणि लेन्स लावून, फोकस होतो का ते पाहूनच पैसे द्या.

लेन्स घेतली, आता पावसाळा

मुंबई-पुण्यातले सल्ले इथे अपुरे पडतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातले कपडेही ओलसर लागतात. बुरशीला अंधार, दमटपणा आणि कोंडलेली हवा लागते, आणि कॅमेऱ्याची बंद बॅग तिन्ही पुरवते. झूम लेन्स आत-बाहेर होताना हवा ओढते. त्या हवेबरोबर ओल आणि बारीक धूळ आत जाते.

माझी पहिली १८-२०० मी असाच एक पावसाळा बॅगेत ठेवून गमावली. चवथीला काढली तेव्हा फोटो धुरकट येऊ लागले. काच पुसली, फरक नाही. टॉर्च मारून पाहिलं तर आतल्या भिंगाच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरले होते. उघडून साफ करून घेतली, पण बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला होता, तो डाग राहिलाच. ती लेन्स मी आजोबांच्या शेवटच्या चवथीला वापरली होती, म्हणून अजून जपून ठेवली आहे.

उपाय घरातल्या बायकांना आधीपासून ठाऊक आहे. मे महिन्यात वाळवलेले फणसाचे पापड पावसाआधी घट्ट झाकणाच्या डब्यात जातात. लेन्सचंही तेच करायचं. रबर लावलेल्या झाकणाचा हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा मोजायचं यंत्र. काटा ४० ते ५० टक्क्यांवर राहिला पाहिजे. नारिंगी दाणे हिरवे झाले किंवा निळे गुलाबी झाले की ते ओल पिऊन तुडुंब झाले, पुन्हा गरम करून वाळवायचे. बॅग आणि चामड्याचा पट्टा डब्यात ठेवू नका, ते स्वतःच ओल धरतात. आणि पावसाळाभर आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापरा.

समुद्रावरून आलात की काचेवर आणि कड्यांवर मिठाचा पातळ थर बसलेला असतो. कोरड्या फडक्याने घासलात तर मीठ आणि वाळू काचेवर ओरखडे काढतात. आधी फुंकणीने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने बाहेरचा भाग पुसा, मग कोरडा करा. एसी गाडीतून थेट किनाऱ्यावर उतरलात तर थंड काचेवर दव धरतं. अर्धा तास कॅमेरा बॅगेतच राहू द्या. 'वेदर सीलिंग' लिहिलेली लेन्स असेल तर शिंतोडे सोसेल, पण कॅमेऱ्यालाही तशी रबरी कडा हवी. आषाढाच्या झडीसमोर तीही टिकत नाही, छत्री धरणारा पोरगाच बरोबर हवा.

वापरलेली घेताना

वापरलेली लेन्स घ्यायला माझी अजिबात हरकत नाही, पण किनाऱ्यावर राहिलेली असेल तर दहा मिनिटं जास्त द्या. दोन्ही झाकणं काढा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून पाहा. धुळीचे चार कण चालतील. तंतू, जाळी किंवा ढगाळ पट्टा दिसला तर विकणारा कितीही म्हणो, ठेवून द्या. झूमचं कडं कानाशी धरून सावकाश फिरवा, आत वाळू असेल तर करकर ऐकू येते. लेन्स तोंड खाली करून धरली की नळी आपोआप घसरते का तेही पाहा. मागच्या पितळी ठिपक्यांवर हिरवट डाग असेल तर खारं पाणी आत गेलेलं असू शकतं. आणि शेवटी आपल्याच कॅमेऱ्यावर लावून एकदा १८ वर, एकदा शेवटच्या टोकाला, दुकानासमोरच्या पाटीचा फोटो काढा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून वाचा.